पटकथाकाराची नाममुद्रा

अभंगाच्या अखेरच्या चरणात संतकवी आपले नाव गुंफतो. तुकोबा, नामदेव, जनाबाई यांच्या रचना त्या नाममुद्रेवरूनच ओळखल्या जातात. गाणारा बदलतो, गाव बदलते, शतके उलटतात. परंतु कीर्तनकार शेवटच्या चरणापाशी आला, की श्रोत्याला कर्त्याची भेट घडतेच. शब्द आणि शब्दांचा धनी यांची ताटातूट होऊ नये, म्हणून योजलेली ही केवढी साधी आणि केवढी पक्की युक्ती! चित्रपटाच्या दुनियेत मात्र अशी सोय नाही. तेथे लेखकाचे नाव नामावलीत दोन-चार क्षण झळकते, आणि नेमका त्याच वेळी प्रेक्षक अंधारात आपली खुर्ची चाचपडत असतो. खेळ सुटल्यावर नटाचे नाव ओठांवर असते, गाण्याची चाल कानांत असते, दिग्दर्शकाची वाखाणणी होते, “हे लिहिले कोणी?” असा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो.

नाव इतके अल्पजीवी असेल, तर ते पुसले गेल्याने असे काय बिघडते? लेखकाने आपली बिदागी घ्यावी आणि स्वस्थ बसावे, असे कोणी म्हणेल. या म्हणण्याला एका धंदेवाईक पटकथाकाराच्या आयुष्याने उत्तर दिले आहे. त्याचे नाव डाल्टन ट्रम्बो. अमेरिकेतील हॉलिवूड ही त्याची कर्मभूमी. एकेकाळी तेथील सर्वांत महागड्या लेखकांत त्याची गणना होत असे. पुढे त्याचे नाव उच्चारणेही निर्मात्यांना धोक्याचे वाटू लागले. आणि याच नाव नसलेल्या काळात त्याच्या लेखनाला दोनदा ऑस्कर पारितोषिक मिळाले; परंतु ते घेण्यासाठी व्यासपीठावर जाण्याची त्याला मुभा नव्हती.

ट्रम्बोची कहाणी समजण्यासाठी प्रथम त्याचा व्यवसाय समजून घेतला पाहिजे. पटकथेविषयी बराच गैरसमज आहे. कथा कादंबरीकाराची, बोलणे नटांचे आणि उरलेले सारे कॅमेऱ्याचे; मग पटकथाकाराच्या वाट्याला राहिले काय, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः घर बांधताना गवंड्याच्या हाती नकाशा असावा, तशी चित्रपट उभा करणाऱ्यांच्या हाती पटकथा असते. पटकथेचे एक पान पडद्यावर सुमारे एक मिनिट चालते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला एकशेवीस पानांच्या आतबाहेर मजकूर झाला. तेवढ्या पानांत माणसे उभी करावयाची, त्यांची गाठ घालावयाची, पेच निर्माण करावयाचा आणि तो सोडवावयाचा.

शिवाय लेखकाचे एक मोठे शस्त्र येथे काढून घेतलेले असते. कादंबरीकार “तो फार एकाकी होता” असे एक वाक्य लिहून मोकळा होतो. पटकथाकाराला ते वाक्य लिहून भागत नाही. कारण कॅमेऱ्याला ‘एकाकी’ हा शब्द दिसत नाही. त्याला एक ताट, एक पेला, समोरची रिकामी खुर्ची आणि न उघडलेले पत्र दाखवावे लागते. मनातील गोष्ट वस्तूंतून, हालचालींतून, आणि जेव्हा दुसरा इलाज उरत नाही तेव्हाच संवादातून सांगावयाची, ही या कलेची शिस्त होय. इतके करूनही ही पाने वाचकाच्या हाती कधी पोहोचत नाहीत. दिग्दर्शक ती बदलतो, निर्माता ती कापतो, दुसरा लेखक ती पुन्हा लिहितो. अखेर चित्रपट तयार होतो, आणि नकाशाचा कागद गुंडाळून ठेवला जातो.

म्हणूनच नामावलीतील त्या एका ओळीला विलक्षण मोल आहे. एके काळी हॉलिवूडमध्ये निर्माता ज्याचे नाव लावील, त्याचे लागे. पटकथाकारांनी १९३३ साली आपला संघ नव्याने बांधला आणि पुढील काही वर्षांच्या झगड्यातून श्रेयनामे ठरविण्याचा अधिकार मिळविला. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. कारागिराची पत त्याच्या मागील कामावरून ठरते. ज्याचे नाव लागले, त्याला पुढचे काम आणि पुढचा भाव मिळतो. ज्याचे नाव लागले नाही, तो दर वेळी नवखाच ठरतो.

डाल्टन ट्रम्बोचा जन्म ९ डिसेंबर १९०५ रोजी कोलोराडो राज्यातील माँट्रोझ येथे झाला. बालपण ग्रँड जंक्शन या लहानशा गावी गेले. वडील चपलांच्या दुकानात नोकरी करीत. शाळेत असतानाच तो गावच्या वृत्तपत्रासाठी बातम्या लिहू लागला. पुढे जेमतेम एक वर्ष विद्यापीठात काढले, तोच कुटुंबाची परिस्थिती खालावली आणि सारे लॉस एंजेलिसला आले. १९२६ साली वडील वारले. आई आणि दोन धाकट्या बहिणी यांचा भार या तरुणाच्या खांद्यावर आला.

त्याने शहरातील एका मोठ्या पावाच्या कारखान्यात रात्रपाळी धरली. थोड्या दिवसांसाठी म्हणून धरलेली ती नोकरी सुमारे आठ वर्षे सुटली नाही. रात्री भट्टीपाशी राबावे आणि दिवसा लिहावे, असा क्रम चालू राहिला. त्या वर्षांत त्याने पुष्कळ कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. त्या बहुतेक साभार परत आल्या. उमेदवारीची ही वर्षे वाया गेली, असे मात्र म्हणता येणार नाही. ठरलेल्या वेळी माल भट्टीतून बाहेर पडलाच पाहिजे, हा धडा तो तेथेच शिकला असावा. कारण पुढील आयुष्यात वेळेवर आणि भरपूर लिहून देणारा लेखक अशी त्याची ख्याती झाली.

१९३४ साली वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेत त्याला वाचकाची जागा मिळाली. आलेली पुस्तके व कथा वाचावयाच्या, त्यांचा सारांश लिहावयाचा आणि चित्रपटाच्या दृष्टीने त्यांत काय आहे ते कळवावयाचे, असे ते काम होते. दुसऱ्यांच्या शेकडो कथा उसवून पाहिल्यावर शिवण कोठे घट्ट असते आणि कोठे सुटते, ते कळू लागते. लवकरच त्याला लेखकाची जागा मिळाली. १९३५ साली त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि १९३६ पासून पडद्यावर पटकथाकार म्हणून त्याचे नाव दिसू लागले.

१९३९ साली ‘जॉनी गॉट हिज गन’ ही त्याची कादंबरी प्रकाशित झाली. पहिल्या महायुद्धात हात, पाय, डोळे, कान आणि वाचा हे सारे गमावलेला एक सैनिक रुग्णालयात जिवंत पडून आहे. जगाशी बोलण्यासाठी तो उशीवर डोके आपटून तारयंत्राच्या संकेतांत आपले म्हणणे कळवू पाहतो, अशी ती भयंकर आणि हृदयस्पर्शी कल्पना आहे. वाचा हरवलेल्या माणसाची कथा लिहिणाऱ्यावर आठ वर्षांनी काय प्रसंग येणार होता, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

१९४० च्या ‘किटी फॉइल’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्करच्या नामांकनात त्याचे नाव आले. युद्धकाळात ‘अ गाय नेम्ड जो’, ‘थर्टी सेकंड्स ओव्हर टोकिओ’ असे गाजलेले चित्रपट त्याने लिहिले. मेट्रो-गोल्डविन-मेयर या सर्वांत श्रीमंत चित्रसंस्थेने त्याच्याशी करार केला. आठवड्याला तीन हजार डॉलर किंवा एका पटकथेला पंचाहत्तर हजार डॉलर, असा त्याचा भाव होता. पावाच्या भट्टीपाशी रात्री जागविणारा तरुण आता कुरणे आणि घोडे असलेल्या विस्तीर्ण मळ्याचा मालक झाला.

त्याच्या लिहिण्याच्या पद्धतीही विलक्षण होत्या. तो रात्री लिही, आणि पुष्कळदा स्नानाच्या टबात गरम पाण्यात बसून लिही. टबावर आडवी फळी, फळीवर कागद, ओठांत सिगारेट. जवळ कात्री आणि चिकटपट्टी असे. पाने कापावयाची, प्रसंगांची जागा बदलावयाची आणि पुन्हा जोडावयाची, असा त्याचा उद्योग चाले. शिंप्याने कापड बेतावे, तशी ती कथा बेतली जाई. आज ग्रँड जंक्शन येथे त्याचा जो पुतळा उभा आहे, तो टबात बसून लिहिणाऱ्या ट्रम्बोचाच आहे.

१९४३ साली ट्रम्बो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला होता. त्याच्या राजकीय मतांविषयी कोणाचे काहीही मत असो. पुढे जो प्रश्न उभा राहिला, तो त्या मतांच्या खरेखोटेपणाचा नव्हता. युद्ध संपले, सोव्हिएट रशिया हा मित्र होता तो प्रतिस्पर्धी झाला, आणि अमेरिकेत संशयाचे वारे वाहू लागले. प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने चित्रपटसृष्टीची चौकशी आरंभिली. ऑक्टोबर १९४७ मध्ये वॉशिंग्टन येथे ट्रम्बोला पाचारण करण्यात आले.

तो आपल्या पटकथांचा गठ्ठा बरोबर घेऊन गेला होता. आपल्या लेखनात देशद्रोही असे काय आहे, ते समितीने वाचून दाखवावे, असे त्याचे म्हणणे होते. पाने फार आहेत, या सबबीवर अध्यक्षांनी तो गठ्ठा दाखल करून घेण्यास नकार दिला. जे लिहिले ते वाचण्याची कोणाची तयारी नव्हती. कोण कोणत्या संस्थेचा सभासद आहे, एवढेच विचारावयाचे होते. पहिला प्रश्न पटकथाकारांच्या संघाच्या सभासदत्वाविषयी होता, दुसरा कम्युनिस्ट पक्षाविषयी. नागरिकाचे विचार आणि त्याच्या संघटना यांची अशी झडती घेण्याचा सरकारला अधिकार नाही, अशी भूमिका घेऊन त्याने सरळ उत्तर देण्याचे नाकारले. त्याच्यासारख्याच इतर नऊ जणांनी तीच वाट धरली. हेच ते ‘हॉलिवूडचे दहा’.

प्रतिनिधिगृहाने या दहा जणांवर अवमानाचा ठपका ठेवला. लगेच चित्रसंस्थांचे प्रमुख न्यूयॉर्कमध्ये जमले आणि या दहांना कामावरून दूर करीत असल्याचे त्यांनी जाहीर केले. काळी यादी म्हणतात, तिचा आरंभ येथे झाला. ती कोठे छापलेली नव्हती, तिच्यावर कोणाची सही नव्हती. परंतु तिच्यात ज्याचे नाव गेले, त्याचे नाव अन्यत्र कोठेही लागेनासे झाले.

अपिले फेटाळली गेली. जून १९५० मध्ये ट्रम्बो केंटकी राज्यातील अ‍ॅशलंडच्या तुरुंगात दाखल झाला आणि तेथे त्याने दहा महिने काढले. तुरुंगात एका निरक्षर सोबत्याला तो घरची पत्रे वाचून दाखवी आणि त्याच्या वतीने उत्तरे लिही. आठवड्याला हजारो डॉलर घेणारी लेखणी येथे दुसऱ्याच्या नावाने, बिनमोल चालत होती. दैवाचा खेळ असा, की चौकशी समितीचे ते अध्यक्षच पुढे सरकारी पैशाच्या अफरातफरीत दोषी ठरले आणि ज्यांना त्यांनी दोषी ठरविले होते त्या दहांपैकी दोघांच्या सोबतीला, डॅनबरीच्या तुरुंगात, त्यांना राहावे लागले.

सुटकेनंतर ट्रम्बो पत्नी क्लिओ आणि तीन मुले यांच्यासह मेक्सिकोस गेला. मळा विकावा लागला होता. मेक्सिकोतही पैसा टिकला नाही, आणि १९५४ मध्ये तो परत आला. आता त्याने एक वेगळाच बाजार गाठला. लहान निर्मात्यांना चांगली पटकथा हवी असे, परंतु तिचा भाव देण्याची ऐपत नसे. आणि ट्रम्बोपाशी कसब होते, परंतु ते उघडपणे विकण्याची सोय नव्हती. मग व्यवहार जमू लागला. किंग बंधूंसारख्या निर्मात्यांसाठी तो पूर्वीच्या मोबदल्याच्या विसाव्या हिश्श्यातही लिहू लागला. कधी टोपणनाव, कधी एखाद्या मित्राचे नाव, तर कधी कोणाचेच नाही. या काळात त्याने सुमारे तीस पटकथा लिहिल्या, असे सांगतात. भाव पडला म्हणून कारागिरी पाडावयाची नाही, हा त्याचा बाणा होता. केवळ अभिमान म्हणून नव्हे, तर धोरण म्हणूनही. काळ्या यादीतल्या लेखकाचे काम सर्वांत चांगले असेल, तर ती यादी आपोआप हास्यास्पद ठरेल, असा त्याचा हिशेब होता.

तो हिशेब खरा ठरविणारी पहिली कथा त्याने तुरुंगात जाण्यापूर्वीच लिहून ठेवली होती. ती म्हणजे ‘रोमन हॉलिडे’. त्याचा मित्र, पटकथाकार इयान मॅक्लेलन हंटर याने ती आपली म्हणून विकली आणि आलेला पैसा ट्रम्बोच्या घरी पोहोचविला. एका परदेशी राजकन्येचा रोममध्ये मुक्काम आहे. ठरीव भाषणे आणि ठरीव हास्ये यांना कंटाळून ती रात्री निसटते. एका वार्ताहराला ती भेटते. ती आपण कोण हे लपविते. तो तिला ओळखतो, पण आपला धंदा लपवितो. ही बातमी विकली, तर त्याचे नशीब उघडणार असते. एक दिवस दोघे शहर भटकतात, आणि त्या एका दिवसात बातमीचा विषय असलेली मुलगी त्याच्या दृष्टीने माणूस होते.

या कथेची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे. येथे खलनायक नाही, मारामारी नाही. साऱ्या ताणाचे मूळ एकाच गोष्टीत आहे: दोघांनीही आपली खरी ओळख दडविली आहे, आणि ती उघड होताच सुख संपणार आहे. अखेरीस वार्ताहरांच्या भेटीचा समारंभ होतो. राजकन्या मंचावर, तो खाली गर्दीत. आता दोघांनाही सारे ठाऊक आहे. परंतु सर्वांदेखत एक अक्षर उघड बोलता येत नाही. शिष्टाचाराच्या कोरड्या वाक्यांतून निरोप दिला-घेतला जातो. सांगावयाचे ते शब्दांच्या पलीकडे ठेवावयाचे, हे पटकथेचे मर्म या प्रसंगात पुरते उतरले आहे. त्या प्रसंगाला पुढे इतर लेखणींचा आणि विल्यम वायलर या दिग्दर्शकाचा हात लागला, हे खरे; परंतु ओळख लपवून जगणाऱ्या दोन जीवांची मूळ कल्पना ज्याची, त्यालाच आपली ओळख लपवावी लागत होती. १९५४ च्या समारंभात या कथेला ऑस्कर मिळाले, ते हंटरच्या नावाने. मित्राच्या मदतीसाठी नाव उसने देणाऱ्या या भल्या माणसालाही काळ्या यादीने सोडले नाही.

दुसरी कथा मेक्सिकोतील वास्तव्यातून स्फुरली. एका गरीब मुलाने वाढविलेला बैल झुंजीच्या रिंगणात नेला जातो. तेथे तो अशा शौर्याने लढतो, की प्रेक्षकच त्याच्या जीवदानाची मागणी करतात. ‘द ब्रेव्ह वन’ या नावाने किंग बंधूंनी हा चित्रपट १९५६ मध्ये पडद्यावर आणला. लेखक म्हणून ‘रॉबर्ट रिच’ असे नाव दिले. मार्च १९५७ मध्ये सर्वोत्कृष्ट कथेचे पारितोषिक रॉबर्ट रिचला जाहीर झाले. टाळ्या वाजल्या, परंतु उठून कोणी आले नाही. लेखकसंघाच्या एका पदाधिकाऱ्याने, लेखकाची पत्नी प्रसूत होत असल्याने तो येऊ शकला नाही, असे सांगून ती मूर्ती स्वीकारली. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रे रॉबर्ट रिचच्या शोधास लागली. असा लेखक कोणालाच भेटला नाही.

येथे ट्रम्बोने मोठ्या चातुर्याने आपली खेळी केली. ‘रिच तो तुम्हीच का?’ असे कोणी विचारले, की तो होय म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. इतर एखाद्या चांगल्या चित्रपटाविषयी विचारले, तरी तेच. परिणामी गावातली प्रत्येक उत्तम पटकथा काळ्या यादीतल्या कोणाची तरी असावी, अशी कुजबूज सुरू झाली. त्यातच १९५८ साली ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचे पारितोषिक मूळ कादंबरीच्या फ्रेंच लेखकाला देण्यात आले, ती पटकथा खरोखरी लिहिणारे मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन हे दोघेही काळ्या यादीत होते. अशा लेखकांना पारितोषिकास अपात्र ठरविणारा नियम अकादमीने जानेवारी १९५९ मध्ये रद्द केला. त्याच महिन्यात ट्रम्बोने रॉबर्ट रिच आपणच असल्याचे उघड केले.

जानेवारी १९६० मध्ये ऑटो प्रेमिंजर यांनी ‘एक्झोडस’ची पटकथा ट्रम्बोने लिहिली असून त्याचे नाव पडद्यावर येईल, असे जाहीर केले. कर्क डग्लस यांच्या ‘स्पार्टाकस’साठी तो ‘सॅम जॅक्सन’ या नावाने लिहीत होता. त्या चित्रपटावरही त्याचे खरे नाव लागले. ऑक्टोबर १९६० मध्ये ‘स्पार्टाकस’ प्रदर्शित झाला. रोमन गुलामांच्या बंडाची ती कथा. तीत एक प्रसंग आहे. बंड मोडले आहे; कैद्यांनी स्पार्टाकसला ओळखून दाखविले, तर सर्वांचे प्राण वाचणार आहेत. तो उठू लागतो, तोच त्याच्या शेजारचा उठतो आणि आपणच स्पार्टाकस असल्याचे ओरडून सांगतो. मग दुसरा, मग तिसरा, मग सारी टेकडी. सहकाऱ्याचे नाव सांगा आणि सुटा, असा सौदा ज्या गावात तेरा वर्षे चालला होता, त्या गावातील प्रेक्षकांना या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नव्हती. काही संघटनांनी चित्रपटगृहांपुढे निदर्शने केली. तरीही फेब्रुवारी १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी चित्रपटगृहात जाऊन तो पाहिला.

ट्रम्बोला त्याचे नाव परत मिळाले. सर्वांनाच ते मिळाले असे नाही. कित्येकांना आणखी पुष्कळ वर्षे थांबावे लागले, काहींनी देश सोडला, काहींचा धंदा कायमचा सुटला. हे जाणून असल्यामुळेच की काय, १९७० साली लेखकसंघाने गौरव केला, त्या वेळच्या भाषणात ट्रम्बोने कोणावर सूड उगविला नाही. त्या काळात सर्वांचीच कोणत्या ना कोणत्या प्रकारे हानी झाली, सारेच बळी होते, असा त्याचा सूर होता. जे तुरुंगात गेले आणि ज्यांनी मित्रांची नावे सांगितली, त्या दोघांना एकाच पंक्तीत बसविलेले त्याच्या काही जुन्या सोबत्यांना रुचले नाही, आणि त्यांचा तो रागही समजण्यासारखा होता.

१९७१ साली पासष्टाव्या वर्षी त्याने ‘जॉनी गॉट हिज गन’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. कान येथील महोत्सवात त्याचा सन्मान झाला. १९७५ मध्ये अकादमीच्या अध्यक्षांनी ‘द ब्रेव्ह वन’ची मूर्ती त्याच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर १९७६ रोजी, त्याचे निधन झाले. ‘रोमन हॉलिडे’चे पारितोषिक १९९३ मध्ये क्लिओ ट्रम्बो यांनी स्वीकारले. त्या चित्रपटाच्या लेखनाचे श्रेयनाम मात्र बदललेले नव्हते. ते दुरुस्त व्हावे, म्हणून प्रयत्न केले ते दोन मुलांनी: एक ट्रम्बोचा आणि एक हंटरचा. ज्याच्या वडिलांचे नाव त्या कथेवर अर्धशतकाहून अधिक काळ मिरवत होते, त्यानेच ते दुसऱ्याचे असल्याचे सांगावे, यात मैत्रीचा वारसा दिसतो. २०११ साली संघाने निर्णय दिला आणि कथालेखक म्हणून डाल्टन ट्रम्बो हे नाव अधिकृतपणे नोंदले गेले. चित्रपट प्रदर्शित होऊन तेव्हा अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

ही कहाणी परदेशची असली, तरी तिच्यातील प्रश्न परका नाही. हिंदी चित्रपटसृष्टीतही लेखकाचे नाव भित्तिपत्रकावर छापण्याची रीत फारशी नव्हती. १९७३ मध्ये ‘जंजीर’ प्रदर्शित झाला, तेव्हा इंदूरला जन्मलेले सलीम खान आणि ग्वाल्हेरला जन्मलेले जावेद अख्तर या जोडीने रंगारी लावून मुंबईतील भित्तिपत्रकांवर आपली नावे रंगवून घेतली. त्या वेळी लोक हसले असतील. परंतु त्यानंतर लेखकांची नावे पाहून चित्रपटाला जाणारा प्रेक्षक निर्माण झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार लेखकापाशीच ठेवला आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांच्या मानधनाच्या वाट्याला संरक्षण दिले. कायदा झाला, म्हणजे व्यवहार सुधारतोच असे नाही. तथापि मागण्यासाठी पायाखाली जमीन लागते, ती मिळाली.

पटकथाकाराला कलावंत म्हणावे की कारागीर, हा वाद जुना आहे. ट्रम्बोला कारागीर म्हणवून घेण्यात कमीपणा वाटला नसता. तो पैशासाठी लिही, मुदतीत लिही, दुसऱ्याच्या कल्पनेवरही लिही. परंतु सुताराने केलेल्या खुर्चीवर जसा त्याच्या रंध्याचा हात ओळखू येतो, तसा आपल्या कामावर आपला हात ओळखला जावा, एवढेच त्याचे मागणे होते. नाव ही केवळ शोभा नव्हे. लिहिले त्याची जबाबदारी घेणारा कोणी आहे, याची ती ग्वाही आहे. नाव लपवावे लागते तेथे लेखक स्वस्त होतो, हे तर खरेच. परंतु समाजही भित्रा होतो, आणि ते नुकसान अधिक मोठे असते.

म्हणूनच चित्रपटाला गेल्यावर दिवे मालवताच जी नावे पडद्यावर सरकू लागतात, त्यांतील लेखकाच्या नावापाशी प्रेक्षकाची नजर क्षणभर थांबावी. पटकथाकाराच्या वाट्याला आलेली ती एवढीच नाममुद्रा आहे. तिच्यासाठी एका माणसाने तेरा वर्षे वाट पाहिली, आणि त्याच्या एका कथेने अठ्ठावन्न.